बडोद्यातील वेपर ब्लास्टिंग सेवा: जुन्या बुलेटच्या इंजिनवरून एक परीक्षण

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका लहान वर्कशॉपमध्ये इंजिनचे ॲल्युमिनियमचे भाग वेपर ब्लास्टिंग पद्धतीने, म्हणजे पाण्यात मिसळलेले काचेचे बारीक मणी वेगाने मारून, स्वच्छ करून मिळतात. माझ्या जुन्या बुलेट ३५०चे, म्हणजे लोखंडी सिलिंडर आणि उजव्या पायाचा गिअर असलेल्या गाडीचे, क्रँककेस (इंजिनचे खालचे, दोन अर्धांचे कवच; पुढे नुसते 'केस'), सिलिंडर हेड, टायमिंग कव्हर आणि प्रायमरी चेनचे बाहेरचे कव्हर मी तेथे दिले होते. इंजिन पुन्हा जोडून, ते पुरेसे चालवून आणि त्यातले पहिले तेल काढून तपासल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. काम उत्तम झाले आहे. भागांची झळाळी पाहून हे मत बनलेले नाही. काचेचा एक कणही राहता कामा नये अशा ज्या जागा इंजिनमध्ये असतात, त्या या मंडळींनी न सांगता ओळखल्या आणि राखल्या, म्हणून मी त्यांची शिफारस करतो.

या कामाची गरज बडोद्यात अलीकडे अनेकांना पडली आहे. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले आणि कित्येक सोसायट्यांच्या तळमजल्यांवर उभी असलेली वाहने चिखलाच्या पाण्यात बुडाली. त्यानंतर बहुतेकांनी इंजिन उघडून तेल बदलले, लोखंडी भाग पुसून घेतले, परंतु फिन्सच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पातळ पात्यांच्या, खाचांत आणि क्रँककेसच्या पोटाखाली बसलेला गाळ तसाच राहिला. ॲल्युमिनियमवर हवेच्या संपर्काने आपोआप एक ऑक्साइडचा थर चढतो. तो अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असला तरी अत्यंत कठीण आणि घट्ट असतो, आणि तोच या धातूचे रक्षण करतो. ओल्या गाळाखाली हवा पोहोचत नाही, गाळातले क्षार, विशेषतः क्लोराइड, त्या थराला जागोजागी भेदतात, आणि भेदलेल्या ठिकाणी पांढरी भुकटी फुगून येते. ही भुकटी म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड होय. म्हणूनच भाग स्वच्छ करायला देण्यापूर्वी त्यावरचा मळकट राखाडी रंग आणि पांढरी फुगलेली ठिपकेदार भुकटी यांतला फरक पाहून घ्यावा. पहिला दोष केवळ पृष्ठभागाचा असतो आणि पूर्णपणे जातो. दुसऱ्याखाली खड्डा असतो, आणि कोणतीही सफाई तो खड्डा भरून देत नाही. वर्कशॉपच्या मालकांनी माझे भाग हातात घेतल्याबरोबर नखाने भुकटी खरवडून मला हेच दाखवले आणि कुठे खड्डे राहतील ते खडूने खुणा करून सांगितले. काम घेण्याआधीच मर्यादा सांगणारा माणूस मला नेहमीच विश्वासार्ह वाटतो.

या वर्कशॉपकडे वळण्याआधी शहरात जे उपाय सर्रास केले जातात त्यांबद्दल लिहिणे आवश्यक आहे, कारण त्यांनी अनेक चांगली इंजिने विद्रूप झालेली मी पाहिली आहेत. ॲल्युमिनियम हा आम्ल आणि अल्कली या दोघांनाही बळी पडणारा धातू आहे. साधारणपणे ४ ते ८.५ या पीएचच्या दरम्यानच त्याचा रक्षक थर टिकून राहतो. घरातला ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडू नये म्हणून तळाच्या पाण्यात लिंबाची फोड किंवा चिंचेचे बुटूक टाकतात, त्यामागचे कारण हेच आहे: तापलेले किंचित अल्कली पाणी धातूला डागाळते आणि सौम्य आम्ल ते रोखते. मात्र लिंबाला जे साधते ते संडास धुण्याच्या ॲसिडला साधेल असे मानणे घातक आहे. त्यातले हायड्रोक्लोरिक आम्ल धातूवर फसफसते, क्षणभर पांढरे स्वच्छ दिसते, आणि ओतकामाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेले क्लोराइड पुढच्या पावसाळ्यात तेच खड्डे नव्याने पाडते. कॉस्टिक सोड्याचे पाणी याहून वाईट. कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम विरघळते आणि हायड्रोजन वायू सुटतो. परंतु इंजिनचे ओतीव भाग शुद्ध ॲल्युमिनियमचे नसतात, त्यांत सिलिकॉन असते, अनेक प्रचलित मिश्रधातूंत ते दहा टक्क्यांच्या आसपास असते, आणि काहींत तांबेही असते. हे घटक कॉस्टिकमध्ये सहजासहजी विरघळत नाहीत. ते काजळीसारखे पृष्ठभागावर साचून राहतात आणि भाग काळाठिक्कर पडतो. अलॉय व्हील चकचकीत करण्याचे जे द्रव बाजारात मिळतात, त्यांपैकी काहींत फ्लोराइडयुक्त आम्ल असते. ते त्वचेत शिरते तेव्हा लगेच जळजळ होईलच असे नाही, पण आत खोलवर जाऊन ते शरीरातल्या कॅल्शियमवर आघात करते. बाटलीवर घटकांची नावे नसतील तर असे द्रव घरात आणूच नये, हे माझे ठाम मत आहे.

कोरडे सँड ब्लास्टिंग हा दुसरा प्रचलित मार्ग. वाळूचे कण ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण आणि टोकदार असतात, त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत होतो, आणि तो खरखरीतपणा पुढे तेल व धूळ धरून ठेवतो. नव्यासारखा दिसणारा भाग थोड्याच दिवसांत पूर्वीपेक्षा मळका होतो. शिवाय वाळूची बारीक धूळ श्वासात जाऊन कारागिरांना सिलिकोसिससारखा असाध्य आजार होतो, हे कारण एकटेच ही पद्धत टाळायला पुरेसे आहे. काचेचे मणी कोरडे मारले तर पृष्ठभाग बरा येतो, पण मणी फुटून त्यांचे कण धातूत रुततात.

वेपर ब्लास्टिंगमध्ये हेच काचेचे बारीक मणी, साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, पाण्यात मिसळले जातात. पंप तो राडा पिस्तुलापर्यंत आणतो आणि कॉम्प्रेसरची हवा त्याला वेग देते. नाव वेपर असले तरी येथे वाफ कुठेही नसते. प्रत्येक मण्याभोवती पाण्याचे पातळ आवरण असल्यामुळे तो धातूवर आदळून रुतत नाही, आदळतो आणि पृष्ठभागावरून घसरत जातो. मळ व ऑक्साइड निघून जातात, सूक्ष्म उंचवटे दबून बसतात, धूळ उडत नाही, आणि मूळ ओतकामाचा पोत जसाच्या तसा राहतो. हा शेवटचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. माझ्या क्रँककेसवर साच्याच्या जोडाची रेषा आणि ओतकामाचे बारीक रवे पुन्हा स्पष्ट दिसू लागले आहेत. त्यावर आधीच्या मेकॅनिकने चढवलेला रुपेरी रंगाचा थर कधी काळी ते सारे झाकून बसला होता.

आता प्रत्यक्ष सेवेबद्दल. मालक बडोद्यातल्याच मराठी कुटुंबातले असून, १८९०मध्ये सयाजीराव महाराजांनी स्थापन केलेल्या कलाभवनात, म्हणजे आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत, त्यांचे शिक्षण झाले आहे. पिस्तूल मात्र एका वयस्कर कारागिरांच्या हाती असते. सगळे त्यांना काका म्हणतात. भाग टेबलावर ठेवताच काकांनी पहिला प्रश्न बेअरिंगचा विचारला. "अहो, बेअरिंग आत ठेवून केस आणलीत तर मी पाण्याखाली धरणार नाही. आधी काढा, मग बोलू," असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि ते योग्यच होते. बेअरिंग ठोकून काढण्याची गरजही पडली नाही. ओव्हनमध्ये केस शंभर अंशांच्या आसपास तापवली की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि बेअरिंग हलक्या धक्क्याने आपल्या घरातून सुटते. त्यांनी हे काम माझ्यासमोर केले व त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

त्यानंतरची धुलाई पाहण्यासारखी होती. ब्लास्टिंग म्हणजे तेल काढण्याचे साधन नव्हे, ही गोष्ट अनेक वर्कशॉप विसरतात. तेलकट भाग आत गेला तर टाकीतले पाणी आणि मणी दोन्ही नासतात आणि पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या भागावर ते तेल फिरते. येथे भाग आधी डिझेलमध्ये ब्रशने घासले जातात, मग सौम्य डिटर्जंटच्या गरम पाण्यात धुतले जातात, आणि पाणी पृष्ठभागावर थेंब न धरता सलग पसरते आहे असे दिसले तरच पुढे जातात.

मग झाकाझाकीचे काम, आणि या वर्कशॉपची खरी गुणवत्ता मला येथे दिसली. आट्यांच्या प्रत्येक भोकात जुना बोल्ट बसवला गेला, स्पार्क प्लगच्या जागी जुना प्लग, व्हॉल्व्हच्या सीट राखण्यासाठी हेडमध्ये टाकाऊ व्हॉल्व्ह, आणि बेअरिंगच्या घरांत रबरी बुचे. क्रँककेसवरील इंजिन नंबरची पट्टी जाड टेपने झाकण्यापूर्वी त्यांनी तिचा फोटो काढून मला पाठवला. ही सूचना मी प्रत्येक वाचकाला आवर्जून करीन: मण्यांच्या माराने कोरलेले आकडे बोथट झाले, तर आरटीओच्या तपासणीत नंबर खाडाखोड केल्याचा संशय येऊ शकतो, आणि त्याचा मनस्ताप गाडीच्या मालकालाच होतो.

टायमिंग कव्हरवर काकांनी सर्वांत जास्त वेळ घातला. ज्यांनी जुनी बुलेट उघडली आहे त्यांना कारण माहीत असेल. या इंजिनात तेलाचे पंप याच कव्हरमध्ये बसतात. पंपांच्या चकत्या कव्हरच्या सपाट पृष्ठावर घासत डोलतात, आणि त्या दोन पृष्ठांमधली घट्ट बैठक हाच तेलाच्या दाबाचा आधार असतो. तेथून तेल कव्हरमधल्याच अरुंद वाटांनी, फिल्टरमधून, क्रँकच्या टोकात आणि पुढे बिग एंडपर्यंत, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील सांध्यापर्यंत, जाते. जुन्या बुलेटच्या बिग एंडमध्ये रोलर नसून तरंगता बुश, म्हणजे सांध्यात मोकळी फिरणारी मऊ धातूची नळी, असतो. काचेचा एखादा कण या वाटेत अडकून राहिला आणि इंजिन सुरू झाल्यावर सुटला, तर तो त्या मऊ बुशमध्ये रुतून क्रँकपिनला सतत घासत राहतो, आणि सुंदर दिसणारे इंजिन काही शे किलोमीटरांत ठोके देऊ लागते. काकांनी पंपांच्या बैठका आणि तेलवाटांची दोन्ही तोंडे बंद केली, आतून ब्लास्टिंग केलेच नाही, आणि काम झाल्यावर तरीही प्रत्येक वाट बारीक ट्यूब ब्रशने, साबणाच्या गरम पाण्याने आणि नंतर हवेने धुतली. हवा मारताना पलीकडच्या तोंडाशी पांढरे फडके धरले जात होते. ते फडके मी बोटांनी चोळून पाहिले. काच असती तर ती साखरेसारखी रखरखली असती. बुलेटमध्ये तेलाची टाकीही क्रँककेसमध्येच असल्यामुळे तिचे कोपरे विजेरी लावून पाहणे हा या तपासणीचा भाग झाला, आणि तेथे एका कोपऱ्यात थोडे मणी सापडले, तेव्हा काकांनी दोन्ही केस पुन्हा धुवायला घेतल्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्याचा जराही त्रास दिसला नाही.

शेवटच्या धुण्यासाठी ते आरओचे पाणी वापरतात. बोअरचे जड पाणी वाळताना पांढरे डाग ठेवते, आणि ताज्या सोललेल्या ॲल्युमिनियमवर ते डाग फार उठून दिसतात. त्यानंतर भाग ओव्हनमध्ये वाळवले जातात.

क्रँककेस आणि हेड यांचा निकाल मला पूर्ण समाधान देणारा आहे. रंग राखी-रुपेरी, मंद, सर्वत्र एकसारखा. फिन्सच्या अगदी मुळापर्यंत स्वच्छता पोहोचली आहे, जेथे वायर ब्रश कधीच पोहोचत नाही. ज्वलनकक्षातला कार्बन निघाला, व्हॉल्व्हच्या सीटना काहीही झालेले नाही. क्रँककेसच्या पोटाखाली पुराच्या गाळाने पाडलेले खड्डे आधी सांगितल्याप्रमाणे राहिले आहेत. ते टिग वेल्डिंगने भरता आले असते, पण वर्षानुवर्षे तेल मुरलेल्या ओतकामावर वेल्डिंग करताना छिद्रांतून तेल उकळून वर येते व सांधा सच्छिद्र होतो, म्हणून पॅकिंगच्या पृष्ठावर खड्डा नसेल तर त्याला हात लावू नये, असा सल्ला मिळाला आणि मी तो मानला.

दोन कव्हरांच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. ही कव्हरे मुळात पॉलिश केलेली असतात, त्यामुळे ब्लास्टिंगनंतर त्यांना पुन्हा चमक आणावी लागते. वर्कशॉप हे काम बफिंग मशीनवर करते. चाकाच्या वेगामुळे सपाट भाग आरशासारखा झाला, परंतु प्रायमरी कव्हरच्या कडा आणि स्क्रूंच्या बैठकांभोवतीच्या रेषा मऊ पडल्या. कारखान्यातून आलेल्या कव्हरची कड हाताला स्पष्ट लागते. माझ्या कव्हरची आता तशी लागत नाही. मी हे मालकांना दाखवले, त्यांनी मान्य केले आणि टायमिंग कव्हर माझ्या सांगण्यावरून हाताने केले: ४००पासून १०००पर्यंतचे वॉटर पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलून, आणि शेवटी कापडाने पॉलिश पेस्ट लावून. दोन्ही कव्हरे शेजारी ठेवली की हाताचे काम कोणते ते अनोळखी माणूसही सांगू शकतो. त्याला वेळ बराच जास्त लागतो व दरही जास्त आहे, पण जुन्या गाडीच्या कव्हरासाठी तो दर मी आनंदाने देईन. वर्कशॉपने हा पर्याय गिऱ्हाइकाला आधीच सांगायला हवा.

पॉलिशवर लाखेचा थर देण्याची त्यांची सूचना मी नाकारली. पारदर्शक लाख काही काळ चमक टिकवते, मात्र एखादा खडा लागून ती फुटली की ओल तिच्याखाली शिरते आणि बारीक धाग्यांसारखी गंज पसरत जाते. मग सगळी लाख काढल्याशिवाय उपाय उरत नाही. उघडे पॉलिश केलेले कव्हर अधूनमधून मेणाचा हात मागते, इतकेच. फिन्सना आणि हेडला मेण लावू नये, ते तापून करपते.

दराबद्दल सांगायचे तर दोन्ही केस, हेड आणि दोन कव्हरे मिळून बिल पाच हजार रुपयांच्या आत राहिले, हाताच्या पॉलिशसह. शहरातल्या साध्या सँड ब्लास्टिंगच्या मानाने हे महाग आहे, तरी केलेली झाकाझाकी आणि धुलाई पाहता मला ते वाजवी वाटले. वेळेचा अंदाज मात्र त्यांचा चुकला, आणि उशीर होणार हे कळवण्याची तसदी त्यांनी घेतली नाही. मलाच फोन करावा लागला. कार्बोरेटर त्यांनी ब्लास्टिंगसाठी घेतलाच नाही, त्याच्या बारीक जेटवाटांमध्ये मणी अडकण्याचा धोका असतो म्हणून तो अल्ट्रासोनिक टाकीत सौम्य द्रावणात स्वच्छ करून दिला. लोखंडी सिलिंडरही त्यांनी परत केला, कारण ओल्या ब्लास्टिंगनंतर लोखंड पाहता पाहता गंजू लागते. जे काम आपल्या पद्धतीला शोभत नाही ते नाकारण्याचा हा प्रामाणिकपणा बाजारात क्वचित आढळतो.

परत मिळालेल्या भागांबरोबर त्यांनी एक सल्ला दिला, तोही येथे नोंदवतो. हल्ली अनेकजण कव्हरांना स्टेनलेस स्टीलचे ॲलन बोल्ट लावतात. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये ओल आली की झिजते ते ॲल्युमिनियम, आणि काही वर्षांनी बोल्ट आटे घेऊनच बाहेर येतो. बोल्टना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारे) ग्रीस लावल्याशिवाय ते बसवू नयेत.

इंजिन जोडल्यावर मी पहिले तेल लवकर काढले, फिल्टर कापून त्याची घडी न् घडी उजेडात पाहिली आणि तळाचा गाळ पांढऱ्या कागदावर पसरवला. नव्या रिंगांची नेहमीची बारीक धातूची झाक आणि पॅकिंगचे काही तंतू सापडले, काच नव्हती. गिअरबॉक्सचे केसिंगही आता त्यांच्याकडेच देणार आहे, फक्त पावसाळा संपल्यावर, कारण भाग वाळवायला त्यांच्याकडे ओव्हन एकच आहे आणि पावसात त्यांचे काम याच ठिकाणी तुंबते.